मधली पाच वर्षं

टीव्ही काळा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, लाईट गेली. हलिमाफुफूने सवयीने मांडीखालचा विंझणा ओढला, शेजारची निदा ‘आमचीपण गेली काय’ म्हणून खिडकीतून स्वतःच्या घराकडे बघायला उठली, आणि उंबऱ्याशी माशांची रिकामी टोपली टेकून बसलेल्या भागूबाईने लाईटवाल्यांच्या नावाने एक खमंग शब्द काढला. पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मासूमाच्या. तिने नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा समोर. काळ्या पडद्याच्या मधोमध बारीक पांढरी अक्षरं उमटली, चार श्वास घ्यावेत इतका वेळ थांबली आणि विरून गेली. मग एकदम झगझगीत विमानतळ, आणि तिथे कुणाची तरी वाट बघत गोष्टीतली नायिका, छत्रीवाली, उभी. केस कापलेले, अंगात नवा कोट. ‘अगो, ही तर आत्ता रडत होती,’ भागूबाई म्हणाली. निदा खाली बसली. मासूमाच्या ओठांवर ती अक्षरं अजून होती. बअद. खम्स. सनवात.

ही गोष्ट ज्यांच्या देशातली, त्यांची भाषा इथे कुणालाच येत नव्हती. सोळा भागांचा हा संच दोह्याहून मासूमाच्या नवऱ्याने, हारुनने, होणाऱ्या जावयाच्या, म्हणजे उमेरच्या, सामानातून पाठवला होता, आणि तिकडच्या लोकांसाठी खाली अरबी अक्षरं येत. अरबी अक्षरं या खोलीतल्या भागूबाई सोडून प्रत्येक बाईला सात वर्षांची असल्यापासून वाचता येत होती. घडाघडा, काना-मात्रा न चुकता. अर्थ मात्र एकीलाही माहीत नव्हता. त्यामुळे झालं असं, की लांब कोटवाला बर्फात उभा राहून छत्रीवालीला जे काही सांगे, ते या बायका दुपारी तीन वाजता रत्नागिरीत एका सुरात, पठण करावं तशा अदबीने म्हणत. हारुनची बहीण हलिमाफुफू तर अक्षरं दिसली की ओढणी डोक्यावर ओढून घेई, आणि अक्षरं सतत दिसत. ‘फुफू, तो नुसतं भूक लागली म्हणतोय,’ इंटरनेटवर गोष्ट वाचून आलेली लेक मनाल सांगायची. ‘म्हणू दे. अक्षर ते अक्षर,’ फुफू म्हणायची. डिस्कची वेष्टणंसुद्धा जमिनीवर ठेवायची नाहीत, कपाटावर, असा तिचा दंडक होता. आणि अशा या अक्षरांच्या ढिगातून मासूमाला आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ वाचल्या वाचल्या समजली. बअद म्हणजे उर्दूतला बाद, नंतर. खम्स म्हणजे पाच. हारुन एका सुट्टीत लहानग्या मनालला बोटांवर शिकवून गेला होता, वाहिद, इथ्नैन, सलासा. सनवातमधला सन तर कॅलेंडरवरच असतो. पाच वर्षांनंतर. एवढंच. चार श्वासांत पाच वर्षं.

भाग संपला तेव्हा नेहमीप्रमाणे चहा झाला आणि मतं निघाली. मतांच्या बाबतीत ही मंडळी कुणाला ऐकणारी नव्हती. भागूबाईचा पक्ष पहिल्यापासून बेकरीतल्या चष्मेवाल्याचा. ‘तो पाववाला चांगला. तिला जेवलीस काय म्हणून इचारतो. ह्यो लांब कोटवाला नुसता मनगाट धरून ओढतो. माझा मनगाट कोणी असा धरला असता तर कोयता घेतला असता.’ निदाला लांब कोटवालाच हवा होता. तिचं लग्न होऊन पाच महिने झाले होते आणि नवरा बोटीवर होता. हलिमाफुफूची तक्रार वेगळी, की या गोष्टीत देव कुठेच येत नाही आणि पाऊस मात्र वेळेवर येतो. तेरा भाग झाले तरी दोघांनी धड हात धरला नाही याबद्दल फुफू समाधानी होती आणि निदा वैतागलेली. ‘पण थांबली की नाही ती?’ मनाल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ‘पाच वर्षं तो परदेशात, आणि ही थांबली. हेच तर सुंदर आहे. इंटरनेटवर सगळे म्हणतात, हा या गोष्टीतला सगळ्यात सुंदर तुकडा आहे.’ कोणता तुकडा, असं मासूमाला विचारायचं होतं. तुकडा कुठे दाखवला? पण तिने कपबश्या गोळा केल्या. मनालच्या निकाहाला अकरा दिवस उरले होते आणि निकाहानंतर वीस दिवसांनी उमेर परत जाणार होता. दोन वर्षांसाठी. सध्या तरी.

कपबश्या विसळताना नळाचं पाणी हातावरून जात राहिलं आणि ती तिथेच उभी राहिली. तिच्या लग्नानंतर हारुन सव्वीस दिवस होता. सत्ताविसाव्या दिवशी अंगणाच्या कुंपणाला घातलेल्या चिऱ्यांच्या गडग्यापाशी टॅक्सी उभी राहिली, सासूने प्रवासात रक्षण व्हावं म्हणून त्याच्या दंडाला इमाम जामिनचं नाणं बांधलं, आणि मासूमाने पडवीच्या खांबाआडून पाहिलं, कारण पुढे यायची पद्धत नव्हती. मग पडदा काळा झाला. ती एकोणीस वर्षांची होती. लोक म्हणायचे, बाई, दिवस कसे भुर्रकन जातील कळणार नाही, आणि मासूमाला प्रत्येक दिवस कळला. मनाल झाली तेव्हा सुईण आली नव्हती आणि गरम पाणी तिने स्वतः उतरवलं होतं, हे तिच्या हाताला अजून कळतं. सासू लुळी पडली ती चार वर्षं. तिला कुशीवर वळवायचं तंत्र असतं, आधी गुडघा, मग खांदा. जुन्या घराची कौलं गेली आणि हे नवं घर उभं राहिलं तेव्हा चिऱ्यांच्या गाड्या हिनेच मोजून उतरवून घेतल्या. फुटका चिरा आवाजावरून ओळखायला शिकली. मोरीत नाग निघाला. पंप बिघडला. मनालला गोवर, मनालची शाळा, मनालचं पहिलं खोटं बोलणं. दर दोन वर्षांनी एक पाहुणा यायचा, त्याच्या अंगाला परक्या साबणाचा वास असायचा; तो वास जाऊन घरचा वास यायला महिना लागे, आणि मग टॅक्सी. एकदा तिने बसल्या बसल्या बेरीज केली होती. तेवीस वर्षांत सत्तावीस महिने. बाकीचं सगळं त्या चार श्वासांत.

ती दुःखी होती असं कुणी म्हटलं असतं तर तिला राग आला असता. घर उभं होतं, पोरगी शिकली, हारुन तिला कधी वावगा शब्द बोलला नाही. चांगला माणूस होता. हेच तर अवघड होतं. वाईट माणसावर रागावता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी मनाल एसटी स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात निघाली तेव्हा मासूमा म्हणाली, ‘तिथं तुमी लोक मतं लिवता ना त्या गोष्टीवर, तिथं माझा पण एक लिव.’ मनालला हसू आलं. ‘काय लिहू?’ ‘लिव, की त्या पाच वर्षांत छत्रीवालीने काय केलंन? कुठं राहिली? कोण आजारी पडला? ईद कशी केलीन...’ ‘अम्मी, त्यांच्यात ईद नसते.’ ‘मग जो काय सण असेल तो. एकटीने कसा केलान, ते विचार.’ मनालने विचारलं. संध्याकाळी उत्तरं कागदावर छापून घेऊन आली आणि मराठीत वाचून दाखवू लागली. कोणी मनिलाची, कोणी कैरोची, कोणी पुण्याची. आंटी, एवढा विचार करू नका. आंटी, या गोष्टींची हीच शैली आहे. आंटी किती गोड आहेत. एक जण शहाणा होता, त्याने सविस्तर लिहिलं होतं: कथाकाराला ठाऊक असतं काय ठेवायचं आणि काय गाळायचं. त्या पाच वर्षांत दाखवण्यासारखं काही घडत नाही, म्हणून ती गाळली.

मासूमा कोलंबी सोलत होती. ‘परत वाच,’ ती म्हणाली. मनालने परत वाचलं. दाखवण्यासारखं काही घडत नाही. तिला तो लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर आला, पंख्याखाली बसलेला, चांगलं शिकलेला. तिला त्याचा रागही आला नाही, कारण त्याने तेच लिहिलं होतं जे सगळे समजून होते. हारुन समजून होता. सासू समजून होती. आणि खरं सांगायचं तर मासूमाही समजून होती, काल दुपारी तीन-चाळीसपर्यंत. तिने कोलंबीची डोकी कागदात गुंडाळली. ‘मनाल, तुझ्या निकाहनाम्यात अट घालायची,’ ती म्हणाली. ‘वर्षाच्या आत उमेरने तुला तिकडे न्यायचं. नाय जमलं तर त्याने इकडे यायचं. वर्षाच्या वर दोघांनी वेगळं राहायचं नाय.’ मनालचे कान लाल झाले. ‘अम्मी, लोक काय म्हणतील? मुलगी उतावळी झालीय म्हणतील. मला थांबता येतं. मी थांबेन.’ ‘थांबता येतं ते मना माहीत हाय. माझ्याच पोटची तू. थांबायचं कशाला, ते सांग.’

निकाहनाम्यात अटींचा एक रकाना असतो. जमातीतल्या कुणालाही विचारा, असतो म्हणून सांगेल. पण त्यात काही लिहिलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. काझीसाहेब नावं, मेहेर, साक्षीदार असं सुरेख अक्षरात भरत येत आणि त्या रकान्यापाशी पोचले की पट्टी ठेवून डावीकडून उजवीकडे एक रेघ मारत. मासूमाच्या कागदावर ती रेघ होती, तिच्या आईच्या कागदावर होती. हलिमाफुफूला वाटायचं, ती रेघ छापलेलीच येते. बातमी गुपचूप राहिली नाहीच. खेडहून उमेरच्या आईचा फोन आला, आवाजात साखर घालून: ‘बहेन, आमच्या शब्दावर भरोसा नाय काय? नेईल की तो तिला. लिवायचं कशाला, कोर्टकचेरी असल्यासारखं?’ दीर जिब्रान येऊन ओटीवर बसला आणि म्हणाला, भाभी, भाईला विचारलंत काय? हे एकच वाक्य त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हटलं. ‘विचारते,’ मासूमा म्हणाली. फक्त भागूबाईने, सुरमईचे तुकडे करता करता, मान वर न करता मत दिलं: ‘लिवून घे गो. आमचो घोव होडीवर जायचो तरी म्हावरा घेऊन सांजच्याला घरी यायचो. भांडायला तरी माणूस असायचा.’

हारुनचा फोन शुक्रवारी येई, नमाज झाल्यावर. त्याला लग्नासाठी रजा मिळाली नव्हती. पोरीचा निकाह जिब्रानच्या हातून होणार होता. हे त्याने मागच्या शुक्रवारी सांगितलं होतं आणि मासूमा नेहमीप्रमाणे ‘बरं’ म्हणाली होती. या शुक्रवारी तिने बरं म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. मोबाईल तिने स्पीकरवर ठेवला नव्हता, पण त्या फोनचा आवाज असा होता की स्वयंपाकघरात खोबरं खवणाऱ्या मनालला सगळं ऐकू जात होतं. तिने अट सांगितली. मग हारुन म्हणाला, ‘असं कुणी लिवत नाय मासूमा.’ ‘म्हणून तर लिवायचं.’ ‘पोरं हसतील उमेरला. सासऱ्याने बांधून घेतलान म्हणतील.’ ‘हसू दे. हसणारे दोन दिवस हसतील.’ फोनमध्ये कुठेतरी गाड्या चालल्या होत्या. तिला वाटलं, आता तो म्हणेल, पुढच्या शुक्रवारी बोलू. तो म्हणाला, ‘ती कॅसेट आठवते तुला? कोरी आलेली?’

आठवायला ती विसरली कधी होती? तेव्हा फोन नव्हते. गावातल्या बायका पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत, कुणी जाणारा असला की त्याच्या बॅगेतून. पहिल्या बाजूला सासू, सासरे, शेजारीपाजारी, मनालचं बोबडं. दुसरी बाजू सुनेची. पण सासू शेजारी तसबीचे मणी ओढत बसलेली, मग सून काय बोलणार? सगळं ठीक आहे, आंबा बरा आहे, पैसे मिळाले. एकदाच असं झालं की सासू मयताच्या घरी गेली. मासूमाने दार लावलं, लाल बटण दाबलं आणि टेपसमोर बसली. तिला एकच शब्द बोलायचा होता. या. परत या, एवढाच. कॅसेट फिरत होती. परसात कुणीतरी पाणी काढत होतं, रहाट कुरकुरत होता. तिला वाटलं, हा शब्द बोलला तर त्याची नोकरी जाईल, घर बांधायचं राहील, सगळे म्हणतील हिच्यामुळे. ती बसून राहिली. बाजू संपली, बटण टक्‌ करून वर आलं. तशीच पाठवली. दोन महिन्यांनी त्याच्या कॅसेटमध्ये हारुन हसत म्हणाला होता, दुसऱ्या बाजूला काही भरलंच नाही, टेप दुरुस्त करून घे.

‘अजून हाय माझ्यापाशी,’ हारुन म्हणाला. ‘कोरी कॅसेट कशाला ठेवलीत?’ ‘कोरी नाय ती. रहाट वाजतो. तुझ्या बांगड्या वाजतात. मधी एकदा तू नाक ओढलंस.’ मासूमाने भिंतीला हात लावला. तिला रडू येणार असं वाटलं, पण आला तो संताप, वीस वर्षांचा, ताजा, आणि त्या संतापाच्या आत हारुनविषयी इतकी माया की तिला तिचीच लाज वाटली. ‘म्हणजे तुमाला कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘कळलं होतं.’ ‘मग बोलला का नाय?’ ‘बोललो असतो तर यायला लागलं असतं,’ हारुन म्हणाला. इतकं खरं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. मासूमाने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. ‘मग जिब्रानभाईंना सांगा,’ ती म्हणाली, ‘आणि उमेरला पण तुमीच सांगा. लिवायचं.’ ‘सांगतो,’ हारुन म्हणाला. स्वयंपाकघरातला खोबरं खवण्याचा आवाज कधीचा थांबला होता.

त्या दुपारी बायका जमल्या नाहीत, कारण घरात लग्नाचं सामान पसरलं होतं. मासूमा आत आली तेव्हा मनाल एकटी टीव्हीसमोर बसली होती. तिने डिस्क लावून ती त्या जागी अडवून धरली होती. काळा पडदा, मधे ती तीन शब्दांची ओळ, हलत नव्हती. मासूमाने नवे कपडे तिच्या मांडीवर ठेवले आणि गेली.

निकाहाच्या दिवशी खेडचं वऱ्हाड वेळेवर आलं. उमेर सगळ्यांना वाकून सलाम करत होता; पोरगा गुणी होता, हारुनच्या फोनवर त्याने ‘ठीक आहे चाचा’ म्हटलं होतं, आणि त्याच्या मामांनी ‘आम्ही शब्द दिलाय, झालं की’ असं म्हणून तो विषय मिटवल्यासारखा केला होता. मांडवातून लाऊडस्पीकरवर काझीसाहेबांचा खुतबा, निकाहाचं प्रवचन, ऐकू येणार म्हणून बायका आतल्या खोलीत कान देऊन बसल्या होत्या. जिब्रान दोन साक्षीदारांना घेऊन आत आला. त्याने मनालचं नाव, उमेरचं नाव, मेहेर सांगून विचारलं, कबूल आहे? आणि उत्तराची वाट न पाहता सवयीने रजिस्टर पुढे केलं, कारण मुली मान हलवतात आणि सही करतात. मासूमा लेकीच्या खांद्यामागून बघत होती. काझीसाहेबांचं सुरेख अक्षर, नावं, साक्षीदार, आणि अटींच्या रकान्यात, चाळीस वर्षांच्या सवयीच्या हाताने, पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ. आता ओरडावं लागणार, भर लग्नात, वऱ्हाडासमोर. ठीक आहे, ओरडू. तिने श्वास घेतला.

पण मनालने ओढणी मागे सारली होती. या घरातल्या कोणत्याही नवरीने केलं नव्हतं ते ती करत होती. ती पान वाचत होती, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. बोट रेघेवर थांबलं. ‘चाचा, इथे रेघ आहे.’ ‘असतेच ती, बेटा. कर सही.’ ‘इथे लिहायचं ठरलं होतं.’ जिब्रान मासूमाकडे बघून कसनुसा हसला. ‘त्यांनी शब्द दिलाय ना. आणि आता जागा कुठं हाय? नवीन पान करायला लागेल. सगळे खोळंबलेत.’ मनालने पेनाचं टोपण लावलं आणि पेन रजिस्टरवर आडवं ठेवलं. ‘रेघेच्या वर लिहायला सांगा. मी थांबते.’

जिब्रान रजिस्टर घेऊन बाहेर गेला. मांडवातला लाऊडस्पीकर खुतब्याच्या तयारीने घरघरत होता तो कुणीतरी बंद केला. मासूमाला दाराच्या फटीतून काझीसाहेब पेन उघडून रजिस्टरवर वाकलेले दिसले, आणि ती लेकीच्या शेजारी खाली बसली. हलिमाफुफूने ओढणी डोक्यावर घेतली. निदा मनालच्या हाताकडे बघत होती. मागच्या दारात भागूबाई आली, अंगावर इस्त्रीचं लुगडं, हातात भेटीचं ताट, आणि सगळ्यांचे चेहरे बघून दबक्या आवाजात म्हणाली, ‘काय झाला गो? लाईट गेली काय?’

‘नाय,’ मासूमा म्हणाली. ‘लिवतायत.’